बॉम्बे जिमखान्याचं मैदान बघायचंय? मग कुंपणाबाहेर उभे राहा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे: "बाबा सत्तरी ओलांडून गेलेत. 1933 सालची भारतातली पहिली टेस्ट आजोबांनी प्रत्यक्ष पाहिली होती. त्या मॅचची आणि लाला अमरनाथांच्या शतकाची गोष्ट ऐकतच बाबा मोठे झाले. डिसेंबरात त्यांना मुंबईला आणतेय. ते मैदान आत जाऊन बघता येतं का? तिथे बघण्यासारखं उरलंय तरी काय? की सरळ वानखेडेला नेऊ?"

ताई, मी आधी कांगा लीग, म्हणजे मुंबईची पावसाळी क्रिकेट स्पर्धा, खेळलो. गुडघा गेल्यावर स्कोअरर झालो. गेली वीसएक वर्षं लोकांना दक्षिण मुंबईतली मैदानं पायी फिरवून दाखवतोय. एवढ्या वर्षांत हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आत जाता येत नाही. बॉम्बे जिमखाना खाजगी क्लब आहे. सभासद आणि त्यांचे पाहुणे, एवढ्यांनाच प्रवेश. ओळखीत कुणी सभासद असेल तर बाबांना अवश्य आत न्या. उतरत्या कौलारू छपराची ती लांब, बुटकी इमारत आणि समोरचं हिरवंगार मैदान व्हरांड्यात बसून बघण्यात सुख आहेच. पण ओळख नसेल तर हळहळू नका. तुमच्या आजोबांनी 1933 साली ज्या बाजूनं मॅच पाहिली ती बाहेरच्यांची बाजू होती. त्या काळी भारतीय माणसाला या क्लबचं सभासदत्व मिळत नव्हतं. भारताची घरच्या मैदानावरची पहिली टेस्ट अशा क्लबवर झाली, जिथे भारताचा कप्तान सभासद होऊ शकला नसता. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून कुंपणापाशी उभं राहिलं की मैदान वेगळं दिसायला लागतं.

मी लोकांना सीएसएमटीकडून आणतो. स्टेशनाबाहेर महापालिकेच्या इमारतीसमोर आलात की पलीकडे आझाद मैदान. मधून एक पायवाट जाते, सकाळी ऑफिसला जाणारी अर्धी फोर्ट त्या वाटेनं चर्चगेटच्या बाजूला पळत असते. तिथून दक्षिणेकडे चालत राहिलात की कुंपण लागतं, आणि कुंपणापलीकडे जिमखान्याचं मैदान. अलीकडे आझाद मैदानाची तांबडी माती, एकमेकांत घुसलेली बावीस पिचं, क्लबांचे टेंट. पलीकडे पाणी घालून जपलेलं गवत, रेखीव सीमारेषा. दोन्ही मैदानं एकाच जुन्या एस्प्लनेडचे, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या पटांगणाचे, तुकडे. या कुंपणाशी मी प्रत्येकाला पाच मिनिटं गप्प उभं करतो, मगच बोलायला सुरुवात करतो.

सुरुवात घोड्यांपासून होते. जिमखाना 1875 साली स्थापन झाला, गोऱ्यांचा, गोऱ्यांसाठी. त्यांच्या हिरवळीबाहेर, आज आझाद मैदान आहे त्या बाजूला, पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची. पारशांनी तर 1848 सालीच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. पण गोऱ्या साहेबांना पोलो खेळायचा असे, आणि तो आपल्या हिरवळीवर नाही तर या पोरांच्या जागेवर. घोड्यांच्या टापांनी उखणलेल्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी चेंडू कुठेही उडायचा. हे सोसेना तेव्हा 1881 साली शेकडो हिंदी खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज दिला. शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थांनी ही सगळी झुंज पुढे 1897 साली पुस्तकात नोंदवून ठेवली, म्हणून आपल्याला ती कळते. मुंबईच्या क्रिकेटचा पहिला मोठा सामना मला तरी हाच वाटतो, बॅट-बॉलशिवाय झालेला. पुढे मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ओळीनं जी मैदानं दिसतात, ती हीच.

मैदानात मात्र गोऱ्यांना हरवणं लवकरच सुरू झालं होतं. जानेवारी 1890 मध्ये व्हर्नन यांचा इंग्लिश संघ आला, त्याला पारशांनी याच मैदानावर चार गडी राखून हरवलं. डॉ. मेहेलाशा पावरींनी दुसऱ्या डावात सात बळी घेतले. पारशी-युरोपियन सामन्यांत 1907 साली हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली, 1912 साली मुसलमान आले आणि चौरंगी, 1937 साली पंचरंगी. या सामन्यांचे दिवस म्हणजे मुंबईचा सणच असायचा. धर्मावर संघ पाडणं बरं नव्हे, हे पुढे गांधीजींनी स्पष्ट सांगितलं, आणि 1946 साली ते थांबलं. थांबलं ते योग्यच झालं असं मी मानतो. पण मुंबईला क्रिकेटचं वेड लावलं ते याच सामन्यांनी.

या मैदानावरची मला सगळ्यात जवळची मॅच मात्र 1906 सालची. हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंचे 242 आणि 160, युरोपियनांचे 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले. स्कोअरर म्हणून हे आकडे मी एकदा स्वतःच्या हातानं जुन्या पद्धतीच्या वहीत उतरवून काढले होते, आणि दुसऱ्या डावात पालवणकर बाळूंच्या नावापुढे पाचवा बळी लिहिताना पेन्सिल थांबली. डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू जन्मले धारवाडला, घराणं मूळचं कोकणातलं, जात चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर पिचवर रोलर फिरवायचं, जाळी लावायची, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. साहेबांनी त्यांना तासन्‌तास बोलिंग टाकायला लावली, बॅट कधी हातात दिली नाही. पुढे पुण्यातल्या हिंदू संघाला या हाताची गरज पडली. बाळूंनी बळी घ्यायचे, आणि चहाची वेळ झाली की त्यांना चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1906 साली जिमखान्यावर त्यांनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले.

म्हणून कुंपणापाशी मी लोकांना सांगतो की इथे दोन दोऱ्या होत्या. एक गोऱ्यांनी बांधलेली. दुसरी आपण आपल्याच माणसाभोवती बांधलेली. बाळू पहिली ओलांडून आत आले आणि साहेबांना हरवून गेले. दुसरी त्यांच्याभोवती राहिलीच. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते 1923 साली मिळालं. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. या माणसाची आठवण मैदानाच्या बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मग येतो 1 डिसेंबर 1926. आर्थर गिलिगन यांचा एमसीसी, म्हणजे लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचा संघ हिंदूंविरुद्ध खेळत होता. गाय अर्ल यांनी इंग्रजांकडून षटकारांची बरसात करून शतक ठोकलं होतं. उत्तरादाखल कर्नल सी. के. नायडू आले आणि दोन तासांच्या आत 153 धावा केल्या, 11 षटकार मारून. एक चेंडू थेट क्लबच्या छपरावर गेला असं सांगतात. ती उंची आणि ते अंतर कुंपणाबाहेरून नजरेनं मोजता येतं, बाबांना मोजायला सांगा. हिंदी माणसं टेस्ट खेळू शकतात ही खात्री पटायला त्या डावाचा मोठा हातभार लागला. दोनच वर्षांत, 1928 साली, भारतीय क्रिकेट बोर्ड स्थापन झालं.

आता तुमच्या आजोबांची मॅच. 15 डिसेंबर 1933, शुक्रवार. इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन, आदल्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात बॉडीलाइन, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायची वादग्रस्त गोलंदाजी, खेळून आलेला, आणि जन्मानं मुंबईचाच, मलबार हिलचा. आपला कप्तान सी. के. नायडू. पाच जण पहिल्यांदाच टेस्ट खेळत होते: लाला अमरनाथ, विजय मर्चंट, लक्ष्मीदास जय, लाढा रामजी आणि रुस्तमजी जमशेदजी. जमशेदजी तेव्हा 41 वर्षांचे. भारताकडून इतक्या वयात कसोटी पदार्पण त्यांच्याआधी कुणी केलं नाही आणि नंतरही नाही. डावखुऱ्या फिरकीवर त्यांनी तीन गडी मिळवले. ती त्यांची पहिली आणि शेवटची टेस्ट. जय आणि रामजी यांचीसुद्धा.

आपला पहिला डाव 219. त्यात सर्वाधिक 38 अमरनाथांच्या. इंग्लंड 438. ब्रायन व्हॅलेंटाइननं पदार्पणातच 136 काढल्या, आपल्या महंमद निसारनं पाच बळी घेतले. वही समोर धरून बघा, पिछाडीसुद्धा बरोबर 219 ची. आपल्या पहिल्या डावाएवढाच डोंगर. त्यात दुसऱ्या डावात 21 धावांत दोन गडी गेलेले.

तिसरा दिवस रविवार, 17 डिसेंबर. बावीस वर्षांचे अमरनाथ आणि अडतिसाव्या वर्षीही ताठ चालणारे नायडू एकत्र आले आणि 186 धावांची भागी झाली. त्या संध्याकाळी अमरनाथांनी शतक पुरं केलं, जेमतेम दोन तासांत. भारताचं पहिलं कसोटी शतक. माणसं दोरी ओलांडून मैदानात धावली, हार घातले गेले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले अशा आठवणी लिहिलेल्या आहेत. तुमच्या आजोबांनी हे डोळ्यांनी पाहिलं असेल तर बाबांकडून तो प्रसंग जसा ऐकला तसा लिहून ठेवा. अशी घराघरांतली आठवण आता झपाट्यानं संपत चालली आहे. माझ्या सैरीत दोनतीनदा असे लोक आले, ज्यांच्या वडिलांनी तो रविवार पाहिला होता. प्रत्येकाच्या घरात वेगळीच बारीकशी गोष्ट उरलेली होती. एका घरात तर एवढंच उरलं होतं की परत जाताना गर्दीत चप्पल हरवली आणि वडील गिरगावापर्यंत अनवाणी, पण नाचत आले.

नायडू 67 वर गेले तेव्हा धावसंख्या 207. अमरनाथ 118 वर गेले. 207 पर्यंत दोनच गडी गेले होते आणि सगळा डाव 258 ला आटोपला. शेवटचे आठ गडी 51 धावांत. स्टॅन निकल्सनं पाच घेतले. इंग्लंडला हव्या होत्या 40 धावा, त्या एक गडी गमावून झाल्या. इंग्लंड नऊ गडी राखून जिंकलं, आपण हरलो. हरलेल्या मॅचची आठवण एखादं शहर नव्वद वर्षं जपतं, यावरून त्या शतकाचं मोल समजा. आणखी एक गोष्ट. अमरनाथ एकूण 24 टेस्ट खेळले, स्वतंत्र भारताचे पहिले कप्तान झाले, पण टेस्टमध्ये दुसरं शतक त्यांच्या हातून झालं नाही. त्यांचं ते एकमेव शतक या कुंपणापलीकडे आहे.

त्यानंतर जिमखान्यावर एकही टेस्ट झाली नाही. क्रिकेटला भारतीयांच्या हक्काचं स्टेडियम हवं होतं. क्रिकेट बोर्डाच्या अँथनी डिमेलो यांच्या खटपटीनं आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्याकडून बॅकबे भरावाची जमीन मिळाल्यावर 1937 साली चर्चगेटला ब्रेबर्न स्टेडियम उभं राहिलं. मुंबईची पुढची टेस्ट तिथे, डिसेंबर 1948 मध्ये. पण ब्रेबर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटं आणि जागा किती द्यायच्या यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात वर्षानुवर्षं वाद होत राहिला. शेवटी शेषराव वानखेडे यांनी असोसिएशनचं स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं, आणि जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध वानखेडेवर पहिली टेस्ट झाली. क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकानंतर एक पोरगा अभिनंदन करायला आत धावला, पोलिसांनी त्याला मारलं आणि मोठा दंगा झाला. एक्केचाळीस वर्षांपूर्वी जिमखान्यावरही लोक असेच आत धावले होते.

म्हणून "वानखेडे की जिमखाना" असं मी करत नाही. ही तिन्ही मैदानं एकमेकांपासून किलोमीटरभराच्या टप्प्यांत आहेत, आणि आत कुणी बसायचं या एकाच भांडणाची ती तीन प्रकरणं आहेत. क्रमानं बघितली तरच कळतात. आधी जिमखाना, मग ब्रेबर्न, मग वानखेडे. ब्रेबर्नसुद्धा क्लबच, तिथे सामना नसेल तर बाहेरूनच बघावं लागतं. 2009 साली सेहवागच्या 293 धावा तिथेच झाल्या, तो आपल्या पिढीचा दुवा. वानखेडेला तेंडुलकरचा पुतळा आहे. वेळ कमी पडला तर ब्रेबर्न आणि वानखेडे टॅक्सीतून दाखवा, पण जिमखाना आणि आझाद मैदान पायीच.

कारण आझाद मैदानात खेळ अजून चालू आहे. डिसेंबर हा शाळांच्या सामन्यांचा हंगाम. हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड. 1988 साली सचिन आणि विनोद कांबळी यांची 664 धावांची भागी याच मैदानात झाली, हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात, शारदाश्रम शाळेकडून. 2013 मध्ये पृथ्वी शॉनं 546 काढल्या त्याही इथेच. बाबांना एखाद्या सामन्याच्या टेंटपाशी बसवा. आमचे स्कोअरर लोखंडी खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन बसलेले असतात. परवानगी घेऊन वहीत डोकावू द्या. टिंब म्हणजे निर्धाव चेंडू, एकामागोमाग सहा टिंबांना जोडून इंग्रजी एम काढला की निर्धाव षटक. माझ्या हातची एम काढण्याची सवय अजून सुटलेली नाही, फोनवर बोलतानाही कागदावर तेच येतं.

तिथली गंमत सांगतो. एका सामन्याचा कव्हरवरचा फिल्डर उभा असतो आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या सामन्याचा मिडविकेटचा. दोन्हीकडून चेंडू येत असतात. पाठीमागून येणारा चेंडू आवाजानं ओळखून पोरं न बघता बाजूला होतात. खेळताना मला एकदा दुसऱ्या मॅचचा चेंडू खांद्यावर बसला. मी कळवळून बसलो तर त्यांचा फिल्डर येऊन आधी चेंडू फेकून गेला आणि मग विचारायला परत आला. धाव वाचवायची होती ना. त्याचा मला तेव्हाही राग आला नाही. आझाद मैदानात शिकलेला माणूस असंच करणार.

काही कामाच्या गोष्टी. रविवारी या, सकाळी साडेआठच्या आत. उन्हाचा ताप नसतो आणि सामने सुरू होताना बघायला मिळतात. आझाद मैदानाचा एक भाग आंदोलनांसाठी राखलेला आहे. मोठं आंदोलन असेल तर वाटा अडवलेल्या असतात, तेव्हा आदल्या दिवशी बातम्या बघून ठेवा. बाबांना जास्त चालवत नसेल तर सीएसएमटीवरून टॅक्सीनं थेट महात्मा गांधी रोडवर, फॅशन स्ट्रीटपाशी उतरा. तिथून क्लबची इमारत समोरच. मग हळूहळू वळसा घालून हजारीमल सोमाणी मार्गाच्या बाजूनं या, तिकडच्या फुटपाथवरूनही कुंपणातून मैदान दिसतं. क्लबच्या दारात आणि आतल्या लोकांचे फोटो काढू नका. रस्त्यावरून इमारतीचा आणि मैदानाचा काढायला हरकत नाही. मैदानात सावली कमी, टोपी आणि पाणी बरोबर हवंच. भूक लागली की क्रॉस मैदानाला लागून खाऊगल्ली आहे.

पावसाळ्यात यायचं ठरलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा जिमखान्यावर रग्बी आणि फुटबॉल चालतो, आणि इतर मैदानांवर कांगा लीग. 1948 पासून ही लीग भर पावसात खेळतात. ओल्या विकेटवर चेंडू कधी थांबतो, कधी उसळतो, आणि मुंबईची बॅट्समन मंडळी तिथेच तंत्र घोटवून मोठी झाली. पण सत्तरीच्या माणसाला चिखलात आणू नका, डिसेंबरच बरा.

कुंपणापाशी आलात की घड्याळाकडे बघू नका. बाबांना आजोबांची गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगू द्या आणि फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा. तिथे त्यांना आजोबा नेमके कुठे बसले होते ते आठवेल न आठवेल, पण सीएसएमटी आणि महापालिकेची ती शिखरं तेव्हाही तशीच होती. ती कुठल्या खांद्याला दिसत होती एवढं आजोबांनी कधी सांगितलं असेल, तर जागा बरीचशी सापडते. मी दोन घरांची अशी सापडवून दिली आहे. तुमची तारीख ठरली की कळवा, मी त्या रविवारी मैदानात असलो तर येऊन उभा राहीन.